मद्रासला नेलेली तळी

साल दोन हजार चोवीस. माझं वय चौऱ्याहत्तर. त्या साली मार्गशीर्षाच्या तोंडावर मी घरचे देव डब्यात घालून मद्रासला गेलो. पोरं चेन्नई म्हणतात, म्हणोत. मी परत आलो तो रिकाम्या हातानं, त्यामुळं पारावर बसलं की एकच विचारणा होते, "म्हाताऱ्या, देव कुठं ठिवून आलास?" उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहून काढलं. शाळा चौथीपर्यंत, तीही निम्मी गुरांमागं गेली. पुढचा जन्म गवंडीकामात. ओळंबा कुठं हलला असेल तर चालवून घ्या.

आमचं कुळदैवत खंडोबा. आषाढातली कांदेनवमी झाली की आमच्या घरात कांदा आणि वांगं बंद, ते थेट चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की सुटतं. त्या दिवशी तळी भरायची. म्हणजे ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवायचा आणि पाच पुरुषांनी मिळून ते ताम्हन उचलायचं, येळकोट करायचा. पाच म्हणजे पाच. चारांची तळी होत नाही.

माझी बायको हौसा त्या साली भादव्यात गेली. दवाखान्यात तिच्या तोंडाची चव गेली होती. तिथली नर्स म्हणाली, "मावशी, मनाला येईल ते खावा आता." मी म्हटलं, वांगं भाजून आणू? वांग्यावर हौसाचा जीव. ती म्हणाली, "आत्ता कुठं? चंपाषष्ठीला खाऊ की." त्याच आठवड्यात ती गेली.

मला देवाचं अवघड जातं ते इथं. वांगं सोडणं अवघड नाही. भर उन्हात अनवाणी जेजुरी चढलोय, तेही अवघड नाही. जिनं जन्मभर त्याचा नेम मोडला नाही, तिला एवढ्या एका चंपाषष्ठीपर्यंत ठेवता आलं नाही त्याला? विचारावं तर बोलत नाही. एकदा मी हौसाला म्हटलं होतं, "तुझा देव इतक्या वर्षांत एक शब्द बोलला न्हाई." ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यो काय पोस्टमन हाय व्हय, उत्तर घिऊन यायला?"

कार्तिक संपत आला तेव्हा मी भावकीला सांगितलं, तळी माझ्या घरी, नेहमीसारखी. चुलतभाऊ दगडू म्हणाला, "घरात मयत झालंय. वरीसभर सण न्हाई. आमी हात लावणार न्हाई." मी म्हटलं, ती या चंपाषष्ठीची वाट बघत गेली, ही चुकवायची नाही. तो म्हणाला, "मग पाच माणसं कुठनं आणशील?" मी म्हटलं, "मद्रासला पोरगा हाय माझा." तो हसला. त्या हसण्यावर मी तिकीट काढलं.

एग्मोर

कुर्डुवाडीला गाडीत बसलो ते देवांचा डबा मांडीवर घेऊन. चांदीचे टाक हळदीच्या फडक्यात, वरून हौसाचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. बाकी ओझं म्हणजे बाजरीचं पीठ आणि जेजुरीचा भंडारा. डबा कुणाच्या पायाजवळ ठेवायचा नाही, म्हणून रात्रभर तसाच बसलो. समोरचा माणूस म्हणाला, "काका, दागिने आहेत काय?" मी म्हटलं, "मालक हायेत."

एग्मोरला उतरलो तर पाऊस. आपल्याकडं हुरड्याचे दिवस, थंडी पडलेली, आणि इथं झड लागलेली. मुलगा सुदाम फलाटावर आला होता. तो इथल्या मोटारीच्या कारखान्यात आहे. स्टेशनासमोरच्या हॉटेलात मला बसवून तो लोकलची तिकिटं काढायला गेला. "आण्णा, काहीतरी खाऊन घ्या, पोंगल मागा," म्हणून गेला.

पोंगल म्हणजे आपली मुगाची खिचडी, मऊ, तुपात निथळणारी, मिरी घातलेली. केळीच्या पानावर ती आली आणि शेजारी पळीभर काळपट, घोटलेलं कालवण. मी बोट बुडवून चाखलं आणि तसाच थांबलो. चव ओळखीची होती, पण नाव सापडेना. आंबूस, तिखट, मऊ. तीन महिन्यांत माझ्या जिभेला काही लागलेलं नव्हतं. दहाव्याला आलेल्या सुनेच्या हातचं नाही, शेजारणीच्या डब्यातलं नाही. हे लागलं. वाढपी पोऱ्या जवळून गेला तसं मी पानाकडं बोट दाखवलं. त्यानं आणखी वाढलं. मी पुन्हा दाखवलं. तो हसून बादलीच शेजारी ठेवून गेला.

खाता खाता मला हौसा दिसली. चंपाषष्ठीला घरात माणसांची पंगत, तिला बसायला वेळ कुठला? ती तिच्या वाटचं भरीत झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यात बसून शिळ्या रोडग्याबरोबर खायची. "शिळं भरीत मुरल्यालं असतं, तुमाला काय कळतंय," म्हणायची. मी गेलो की सरकून जागा करायची. शिळ्या भरताला असा थोडा आंबूसपणा येतो. एवढं सगळं आठवूनही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही, हे ध्यानात ठेवा.

तांबरम

एग्मोरहून लोकलनं तांबरम. सुदामचं घर तिसऱ्या मजल्यावर. भिंतींना ओल, कोपऱ्यात पापुद्रे सुटलेले. मी बोटानं टकटक करून बघितलं तशी सून रजनी म्हणाली, "मामा, घरमालकाची भिंत आहे, पाडू नका." रजनी पुण्याची. माझं तिचं भांडण कधी नाही, बोलणंही फारसं नाही. देव ठेवायला तिनं स्वयंपाकघरातली एक फळी मोकळी केली होती, मिक्सर तिथून हलवून. पण मोठ्या कोनाड्यात राहिलेले देव, मिक्सरच्या जागी बसले, ते मला लागलं.

प्रतिपदेला घट बसवला, दिवा लावला. सहा दिवस तो विझू द्यायचा नाही. खिडकीतून वारा आत आला की मी हाताचा आडोसा धरून बसायचो. नात शाळेतून आली की विचारायची, "आजोबा, देव काय म्हणाले आज?" मराठीत विचारायची, ते काय कमी. मैत्रिणींशी ती तमिळ बोलते, टाळ्या वाजवल्यासारखी.

या गावची एक गोष्ट मला फार आवडली. पहाटे बायका दारापुढं पाणी शिंपडतात आणि तांदळाच्या पिठाची रांगोळी काढतात. कोलम म्हणतात. ठिपके देऊन, त्यांच्याभोवती एकसंध रेघ फिरवतात. पाऊस येतो, अर्ध्या तासात सगळं वाहून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकतात. आपल्याकडं बाया म्हणतील, "कशाला, पाऊस हाय." इथं कुणी असं म्हणताना मी ऐकलं नाही.

रविवारी सुदामनं समुद्र दाखवला. समुद्राचं मी काय सांगू? हौसानं पाहिला नव्हता. मी पाठ करून उभा राहिलो आणि कणीस खाल्लं. सुदाम म्हणाला, "आण्णा, बघा तरी." मी म्हटलं, बघितला.

आता माणसांचा विषय. सुदाम आणि मी, दोन. त्याच्या कारखान्यातला निखिल म्हणून नाशिककडचा पोरगा, तीन. त्यानं फोनवर सांगितलं, "काका, मला येळकोट म्हणता येतं. बाकी काही येत नाही. चालेल?" मी म्हटलं, "मोठ्यानं म्हणता येतं का?" तो म्हणाला, "क्रिकेटला ओरडतो तसं." मग चालेल. पण आणखी दोन कुठून आणायचे?

ते सापडले भाजीवालीपाशी. मी भरताची वांगी शोधत होतो. तिच्याकडं सगळी बारकी, जांभळी, कोंबडीच्या अंड्याएवढी. मी तिच्याशी मराठीत भांडत होतो, ती माझ्याशी तमिळमध्ये, आणि दोघंही रंगात आलो होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "हें भरिताला होत नाही, पा. मोठीं तिकडचे गल्लींत मिळतील."

मी वळून पाहिलं. पांढरी लुंगी, कपाळाला आडवं भस्म, हातात छत्री, माझ्याहून म्हातारा. बोली आपलीच, पण चाल तिकडची, शेवट उचललेला. मी म्हटलं, "तुमी मराठी?"

"मी मानोजीराव म्हणून. आमचे अस्के, सगळे म्हणजे, तंजावूरकडचे. चारशें वरुषें झालीं म्हणतात. तुम्ही चंपाषष्ठीला घेतां आ हीं वांगीं? आमचे घरीं पण आहे, खंडोबा."

परक्या मुलखात आपल्या देवाचं नाव अचानक ऐकलं की काय होतं, ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. मी त्यांचा हातच धरला. ते वांग्यांकडं बोट दाखवून सांगत होते, "हीं बारकीं गोत्सुला. चिंच, लहान कांदे घालून घोटतात. पोंगलाबरोबर देतात, हॉटेलांत पण. खाल्लांत आ?"

मी त्यांचा हात सोडला.

पळीभर नाही. मागून मागून खाल्लं होतं. वांगं आणि कांदा, दोन्ही. तिनं मरतेवेळी तोंडाला लावलं नाही ते, आणि मी, तिच्या नावानं देव मांडीवर घेऊन निघालेला, स्टेशनावर उतरल्या उतरल्या बोटं चाटून खाल्लं. वर डोळ्यांत पाणी आणून.

मानोजीरावांनी मला घरी नेलं. झोपाळ्यावर बसवलं, पितळी पेल्यात कॉफी दिली. कॉफी वरून वाटीत ओतून फेस काढतात, कढत कढत पितात. गोत्सुचं मी त्यांना सांगितलं नाही. वेगळंच विचारलं, "रावसाहेब, तुमाला या देवाचा कधी राग येतो का?"

ते झोपाळा हलवत हसले. "राग नाही. लाज येते. येळकोट म्हणजे काय, मला माहीत नाही. माझे बापालाही माहीत नव्हतें. तरी म्हणतों. पोरगा विचारला तर काय सांगूं? माझे देवाला मी कधी पाहिलों नाही. जेजुरीला जाऊं, जाऊं, म्हणत राहिलों. आतां गुडघे नाही म्हणतात. मी इथें हांक मारतों, ती कुठल्या भाषेंत त्याला पोंचते, कोण जाणे."

"बोलतो का तुमच्याशी?"

"माझ्याशीं? तुमच्याशीं बोलतो आ?" त्यांनी इतक्या आशेनं विचारलं की मला नाही म्हणताना कसंतरी झालं.

ते तळीला यायला तयार झाले. त्यांचा मुलगा आवडी नावाच्या उपनगरात राहतो, तोही येईल म्हणाले. पाच पुरे झाले. आणि माझ्या मनात मात्र चारच.

चंपाषष्ठी

रजनीनं सकाळपासून गॅसवर वांगी भाजली. मी म्हटलं होतं, गोवरीच्या आरावर भाजतात. ती म्हणाली, "मामा, तिसऱ्या मजल्यावर आर केला तर अग्निशमनवाले तळी उचलायला येतील." रोडगे तिनं माझ्याकडून शिकून घेतले. मला येत नव्हते. पण हौसाला करताना पाहिलं होतं, तेवढं सांगितलं. पिठाचा गोळा किती घट्ट, वर बोटाचा दाब किती. सांगताना मला कळलं की मी इतकी वर्षं तिच्या हाताकडं बघत होतो.

सगळे आले. मानोजीरावांचा मुलगा पोलादी चष्म्याचा, मराठी कळणारा, बोलायला लाजणारा. निखिल ओल्या डोक्यानं धावत आला. मी मानोजीरावांच्या कपाळाला जेजुरीचा भंडारा लावला. ते म्हणाले, "तिथला आ?" मी म्हटलं, "गडावरचा." त्यांनी कपाळाला हात लावून बोट पाहिलं, मग ते बोट डोळ्यांना लावलं, आणि थोडा वेळ डोळे उघडलेच नाहीत.

ताम्हन मांडलं. पाच जण गोल बसलो. चौघांनी हात लावले. माझा हात पुढं जाईना.

"आण्णा?" सुदाम म्हणाला.

"माझा नेम मोडलाय. एग्मोरला वांगं खाल्लं मी. कांदाबी."

सुदामला हसू आलं. त्यानं आवरलं, पण मला दिसलं. निखिल म्हणाला, "काका, एवढंच? मी तर काल रात्री—"

"तुझा नेमच नव्हता, तर तो मोडणार कसा? ज्यानं धरला त्याचाच मोडतो. हीच तर खोड हाय ह्या धर्माची."

"आण्णा, चुकून खाल्लं तुम्ही."

"चुकून एकदा खाल्लं. मग मागून खाल्लं. आवडलं म्हणून खाल्लं."

मानोजीराव ताम्हनावरचा हात न काढता म्हणाले, "हें पाहा. मला त्याचे शब्द कळत नाहीत. माझा पोरगा तोंड उघडत नाही. हा मुलगा कसला नेमच ठेवत नाही. तुमचा मोडला. असे जण मिळाले त्याला मद्रासेंत. तो काय करणार? येणार नाही आ?"

निखिल हसला. त्यांचं बोलणं खरं होतं. पण खरं बोलणं पटायला माणूस मोकळा लागतो, आणि मी तेव्हा दगड झालो होतो. मी म्हटलं, "चारांची तळी होत न्हाई. उठा. दगडू म्हणला तेच खरं."

कुणी उठलं नाही. दिवा फडफडत होता. बाहेर पाऊस.

स्वयंपाकघराच्या दारात रजनी उभी होती, हाताला वांग्याची काळी सालं लागलेली. ती म्हणाली, "मामा, तुमचा नेम मोडला. आत्यांचा नाही मोडला ना?"

हौसाला ती आत्या म्हणायची.

"आत्यांच्या नावचा हात लावा. त्यांचाच नेम सुटायचा होता आज." एवढं बोलून ती नैवेद्याचं ताट घ्यायला आत गेली, जणू मीठ किती घालायचं ते सांगितलं.

मी हात धुऊन आलो. डब्याचं ते जुनं लुगडं घेतलं, हाताखाली घडी घातली आणि ताम्हनाला हात लावला. पुढं काय झालं ते निखिलच्या आवाजामुळं खालच्या मजल्यापर्यंत कळलं. येळकोट येळकोट जय मल्हार! तीनदा उचललं. भंडारा उधळला. रजनीची पांढरी भिंत पिवळी झाली. घरमालकाची. नातीच्या केसांत, मानोजीरावांच्या लुंगीवर, त्यांच्या पोराच्या चष्म्यावर, सगळीकडं भंडारा. तो न बोलणारा पोरगा सगळ्यात शेवटी एकटाच एकदा मोठ्यानं "येळकोट!" म्हणाला आणि लाजला. बापानं त्याच्याकडं असं बघितलं की मी नजर दुसरीकडं वळवली.

आता तुम्ही विचाराल, देव आला का? मला माहीत नाही. दिवा होता तसाच होता. कोणाच्या अंगात आलं नाही, कौल मिळाला नाही. मी कान लावून बसलो होतो, खोटं कशाला सांगू. तो बोलला नाही.

पंगत बसली. भरीत झकास झालं होतं, सगळे बोटं चाटत होते. मी खाल्लं नाही. रजनी वाढायला आली, मी ताटावर हात आडवा धरला. तळी तिच्या नावची उचलली, नैवेद्यही तिच्या नावचा. माझा नेम मोडलेला, त्याची एवढी तरी सजा मला हवी होती. सुदाम म्हणाला, "आण्णा, आता हट्ट सोडा." मी म्हटलं, हट्ट सोडला तर मी उरतो कुठं?

माणसं गेल्यावर रजनी भिंत पुसायला लागली. मी म्हटलं, "राहू दे गं. आणि देवबी राहू देत, त्या फळीवर. मिक्सरला दुसरी जागा बघ."

ती म्हणाली, "मिक्सर मी कधीच माळ्यावर टाकला, मामा."

दुसऱ्या दिवशी

सकाळी घर अजून निजलेलं होतं. मी फ्रिज उघडला. पुढंच स्टीलच्या डब्यात भरीत होतं, वर रोडगा, झाकण घट्ट लावलेलं. कुणी काढून ठेवलं ते मी विचारलं नाही. पुढचं दार उघडलं. समोरच्या दारात शेजारीण वाकून कोलम काढत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा ठिपके द्यायला लागली. मी उंबऱ्यात बसलो, एका बाजूला सरकलो, आणि शिळं भरीत खाल्लं.